दोरवाल्याचं घर झाडताना

रोमजवळच्या ओस्तिया बंदराच्या वेशीबाहेर वडिलांना अग्नी देऊन नुमिसिया परत आली, तेव्हा सुतकाची खूण म्हणून दाराला लावलेल्या सुरूच्या फांदीखाली आत्या हातात झाडू घेऊन उभीच होती.

"धर," आत्या म्हणाली. "घर झाडून झाल्याशिवाय चूल पेटायची नाही, आणि चूल पेटल्याशिवाय कोणाच्या तोंडात मसुराचा दाणा पडायचा नाही."

"थोडं पाणी पिते गं."

"पी. सगळा रांजण पी. पण मग झाड."

नुमिसियाने पाणी पिऊन वेळ काढला, तरी झाडू तिथेच होता. जाळून आलं म्हणजे माणूस गेला असं होत नाही. तो घरात घुटमळतो, आपल्या जागा धरून बसतो. वारसाने आपल्या हातांनी सारं घर झाडून त्याला उंबऱ्याबाहेर काढायचं, तेव्हा कुठे तो वाटेला लागतो. नुमिसिया एकुलती एक. आई गेली तेव्हा बाबांनी झाडलं होतं. आता तिच्यावाचून दुसरं कोणी नव्हतं.

तिने मागच्या खोलीपासून सुरुवात केली. बाबांच्या खाटेखालून धूळ काढली, कोनाडा पुसला. हातांना काम मिळालं तसं डोकं रिकामं झालं. पुढच्या खोलीत बाबा दोर वळायचे. त्यांच्या दुखण्यात तिथे कोणी झाडू लावला नव्हता. जमिनीवर वाखाची तुसं इतकी पसरली होती की पावलांचा आवाजही येत नव्हता. ती दारापासून झाडत आत आली आणि बाबांच्या बाकाशेजारच्या कोपऱ्यात सगळ्याचा नीट ढीग लावला.

"अगं ए! करतेस काय?" आत्या किंचाळली.

नुमिसियाने ढिगाकडे पाहिलं, मग दाराकडे. या घरात दाराच्या दिशेने कधी कोणी झाडलंच नव्हतं. वाख कोपऱ्यात गोळा करायचा आणि होड्यांच्या फटींत भरायला बंदरावर द्यायचा, हा रोजचा रिवाज. लहानपणी चुकून झाडू बाहेर वळला तरी बाबा ओरडायचे, "रस्त्यावर कशाला टाकतेस? गाढवांना दाढ्या लावायच्यात का?"

अग्नी देऊन सोबत परतलेल्या, गल्लीत थांबलेल्या माणसांतून आत्याच्या मुलाने, पोस्तुमुसने, आत डोकावून पाहिलं. "ताई, मामाला परत कामावर बसवलंस की!"

"तू तोंड मीट, नाहीतर आधी तुला झाडते," आत्या म्हणाली. मग नुमिसियाकडे वळली. "काढ ते बाहेर."

नुमिसियाने झाडू उचलला नाही.

"आत्या, राहू दे ना बाबांना. त्या कोपऱ्यात. कोणाला काय त्रास आहे त्यांचा?"

आत्या बाकावर बसायला वाकली आणि बसता बसता थांबली. उभीच राहिली.

"बये, अडवून ठेवला तर तो तुझा बाप राहायचा नाही. अशांना काही आठवत नाही. आपलं माणूसही ओळखू येत नाही. भिंतींना धडका देत फिरतात. तुला समोर बघून माझा भाऊ बिथरावा, असं हवंय तुला?"

"नाही."

"माझ्या हाताने चाललं असतं तर मी केव्हाच झाडलं असतं. तुला सांगितलं नसतं."

नुमिसियाने झाडू धरला आणि ढीग दाराकडे लोटला. समुद्रावरून वारा येत होता. उंबऱ्यापाशी पोचलेली तुसं उडाली आणि खोलीभर पसरली. तिने पुन्हा गोळा केली. पुन्हा तेच झालं.

"जन्मभर असाच," आत्या म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "जेवायला हाक मारली की 'आलो, आलो'. आणि उठायचं नाव नाही."

नुमिसियाला हसू आलं. घर शिंपडायला आणलेल्या पाण्याचं भांडं दारात होतं. तिने त्यात हात बुडवून ढिगावर पाणी शिंपडलं. वळायला बसण्याआधी बाबा वाख ओला करायचे, तसंच, बोटं सैल सोडून. तुसं एकमेकांना धरून बसली. मग तिने झाडू टेकवला. ओला ढीग एका दमात सरकत गेला आणि उंबऱ्यावरून गल्लीत उतरला.

"जा बाबा," ती म्हणाली.

गल्ली अरुंद होती आणि माणसं दाराला अगदी खेटून उभी होती. पोस्तुमुसच्या पायाजवळ ढीग आला. त्याने खाली पाहिलं, पाय मागे घेतला आणि शेजारच्याला कोपराने ढोसलं.

"सरका रे," तो हळूच म्हणाला. "मामाला वाट द्या."

सगळे भिंतीला लागले. नुमिसियाने बाहेर पाऊल टाकलं आणि झाडत ती मोकळ्या झालेल्या वाटेने पुढे निघाली.