साहेबरावांची पेटी आणि सम्यकचा गळा

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. शहरात मला हार्मोनियम म्हणतात. माझं वय विचारू नका. भात्याला ठिगळं आहेत, दोन पट्ट्या दाबल्या की लवकर वर येत नाहीत, आणि एक गाणं वाजून झालं की मला धाप लागते. पण दमलेल्यांनाही एखादी गोष्ट सांगावीशी वाटते.

तेव्हाच्या औरंगाबादेत एका कारागिराने मला सागवानातून घडवलं. साहेबरावांनी मला सिल्लोडकडच्या त्यांच्या गावी नेलं. त्यांची गायन पार्टी होती. जयंती, पौर्णिमा, लग्न, काहीही असो, एसटीच्या टपावर बसून मी गावोगाव हिंडले. गाणारे दुसरे असत. साहेबराव फक्त मला वाजवत. "पेटी बोलती राव तुमची," असं लोक म्हणत, तेव्हा मी सुखावत असे. पुढे पार्टी मोडली. साहेबरावांचा मुलगा आकाश वाळूजच्या कंपनीत लागला आणि आम्ही तिथल्या दोन खोल्यांत आलो. मी कपाटावर धूळ खात पडले.

मला खाली उतरवलं ते सम्यकमुळे. सम्यक हा आकाशचा मुलगा, साहेबरावांचा नातू. सहा वर्षांचा असतानाच तो गाऊ लागला. आवाज असा उंच आणि स्वच्छ, की साहेबराव काळी पाचचा, म्हणजे माझ्या पाचव्या काळ्या पट्टीचा, उंच सूर धरत आणि हा पोरगा हसत हसत त्यावर चढे. गल्लीतला एकही कार्यक्रम त्याच्याशिवाय होईना. ते माझं दुसरं तारुण्य होतं.

मग सम्यकला तेरावं संपून चौदावं लागलं. तो भराभर उंच झाला. गालावर पुटकुळ्या आल्या, ओठावर काळसर लव आली. आधी दिवसभर बडबडणारा मुलगा आता एका शब्दात उत्तर द्यायचा, बारीकशा कारणावरून चिडायचा आणि नंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. आणि त्याचा आवाज फाटू लागला. सूर धरावा तर मध्येच घोगरा होई, मध्येच चिरके.

साहेबरावांना वाटलं, रियाज कमी पडतोय.

"बर्फाचे गोळे खातो, वरडत फिरतो, मंग काय व्हनार? पुन्हा म्हन. अजून वर!"

रोज पहाटे ते माझी काळी पाच दाबून बसत. सम्यकच्या मानेच्या शिरा ताठ होत. त्या दिवसांत मला स्वतःचाच सूर नकोसा झाला होता.

वैशाख पौर्णिमेला बुद्धजयंतीच्या कार्यक्रमाला सगळी गल्ली जमली आणि सम्यक स्टेजवर गायला बसला. पहिली ओळ कशीबशी निघाली. दुसऱ्या ओळीला आवाज असा चिरकला, की मागची पोरं फिदीफिदी हसली. सम्यक थांबला. गाणं अर्धवट टाकून उतरला आणि घरी निघून गेला.

साहेबराव मला घेऊन मागोमाग आले. "चार मानसांत मान खाली घालायला लावली तू," ते म्हणाले.

सम्यकने मला लाथ मारली. माझा भाता टरकन फाटला. लागलं मला, पण त्याचं तोंड पाहून राग आला नाही.

"मला नाय गायचं आबा! कधीच नाय!"

पुढचे कितीतरी दिवस नातू आणि आजोबा एकमेकांशी बोलले नाहीत. सम्यक उन्हाळ्यातही गळ्याला रुमाल बांधून हिंडू लागला. ते त्याच्या आईच्या, सुलेखाच्या नजरेत आलं. एका दुपारी तिने जवळ बसवून त्याला विचारलं, "रुमाल कशाला रे बाळा एवढ्या गरमीत?"

त्याने रुमाल सोडून गळ्यावर बोट ठेवलं. मग त्याचा बांध फुटला.

"मम्मी, सात महिने झाले, माझ्या गळ्यात गाठ आलीय. कडूबा काकांना बी अशीच होती ना?"

शेजारचे कडूबा आदल्या वर्षी घशाच्या कॅन्सरने गेले होते. मित्रांनो, हा मुलगा सात महिने आपण मरणार असं समजून जगत होता, आणि आम्ही त्याला सुरात गा म्हणत होतो.

सुलेखाने दुसऱ्याच दिवशी कामावर सुट्टी टाकली आणि त्याला दवाखान्यात नेलं. परत आल्यावर ती साहेबरावांपुढे बसली. सासऱ्याला ती मामा म्हणते.

"मामा, गाठ नाय ती. पोरं मोठी व्हताना घशातली स्वरपेटी वाढती, म्हनून ती पुढं दिसती अन् आवाज फुटतो. डॉक्टरीणबाई म्हनल्या, काही महिने, नाय तर वरीसभर असंच चालंल. चिडचिड, रडू, तेबी ह्याच वयाचं. पन घशाला जोर लावू देऊ नका."

साहेबराव कितीतरी वेळ माझ्या फाटक्या भात्यावरून हात फिरवत राहिले.

"मपला आवाज बी असाच फुटला व्हता," ते हळूच म्हणाले. "बाप म्हनला, गळा मेला तुहा. मी गानं सोडलं अन् पेटी धरली. गळा कवा परत आला, मला ठावंच नाय."

इतकी वर्षं त्यांच्या मांडीशी बसून मला हे माहीत नव्हतं.

त्यांनी शहरात जाऊन माझा भाता शिवून आणला. मग सम्यकला हाक मारली. "गानं नको म्हनू. नुसता आ कर. तुहा आवाज कुठं टेकतो तेवढं बघू." काळी पाच सोडून त्यांची बोटं खाली, आणखी खाली आली. काळी एकवर तो आवाज क्षणभर टेकला, जाड आणि अनोळखी, आणि पुन्हा चिरकला. सम्यकने मान खाली घातली. साहेबराव हसले नाहीत, रागावलेही नाहीत. सूर धरून थांबले.

"आबा, तुम्ही म्हणा ना," सम्यक म्हणाला.

साहेबरावांनी डोळे मिटले आणि गाण्याची पहिली ओळ म्हटली. थरथरता, खरखरीत सूर होता, पण त्यांचा स्वतःचा होता. दुसऱ्या ओळीला सम्यक त्यात मिसळला. दोन्ही आवाज फाटत होते. मी मधोमध धापा टाकत वाजत राहिले, आणि सुलेखा दारात उभी राहून डोळे पुसत होती.

मित्रांनो, तुमचंही शरीर एक दिवस न सांगता बदलू लागेल. मन उगाच भरून येईल, उगाच पेटेल. तेव्हा गळ्याला रुमाल बांधून एकटे घाबरत बसू नका. आई, वडील, बाई, डॉक्टर, ज्यांच्यापाशी धीर होईल त्यांना विचारा. सम्यकला विचारायला सात महिने लागले. तुम्ही आजच विचारा.