तुलनेचा गट

घरची भाषा एक आणि कॉलेजची दुसरी, अशी मुलं पहिल्या वर्षी कशी गटांगळ्या खातात, हे बाई वर्षानुवर्षं बघत आल्या होत्या. हुशार मुलं, पण पेपर लिहायला बसली की गाडी रुतलीच. त्यावर उपाय सापडलाय असं बाईंना वाटत होतं. पण विद्यापीठात नुसतं वाटून भागत नाही, सिद्ध करून दाखवावं लागतं.

म्हणून संशोधन. नव्या मुलांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. पहिल्याला दर शनिवारी उत्तरं कशी लिहायची ते शिकवायचं. दुसरा तुलनेचा गट, त्याला काहीच नाही. परीक्षा झाली की त्यांनाही शिकवू, असं कबूल केलं होतं. शनिवारच्या वर्गातलं बाहेर बोलायचं नाही नि विचारायचं नाही, असा शब्द सगळ्यांकडून घेतला होता.

टाचणी तुलनेच्या गटात आली. हाडं मोजावीत इतकी बारीक आणि जिभेला टोक, म्हणून वसतिगृहातल्या मुलींनी पाडलेलं नाव. चाचणीचा पेपर घेऊन ती बाईंच्या खोलीत आली.

"बाई, पानंच्या पानं लिहिली. सर म्हणतात चूक काही नाही, पण मुद्द्याचं लिही. आता सगळेच मुद्दे लिहिले होते की हो."

बाईंनी पेपर वाचला. दुखणं पहिल्याच पानावर दिसलं. उपाय अगदी ओठांवर आला होता.

"तू दुसऱ्या गटातली ना?"

"हो. का?"

"मग परीक्षा होऊ दे. आत्ता सांगितलं तर माझं सगळं संशोधन पाण्यात जाईल."

"नापास झाले तर माझी शिष्यवृत्ती जाईल, बाई. दादाला काही शिकवणं झेपायचं नाही."

बाईंनी पेपर मिटून टेबलावर ठेवला. टाचणीने पेपर उचलला. "बरं," ती म्हणाली. "शब्द दिलाय खरा."

बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. विभागप्रमुखांकडे त्यांनी विषय काढला. ते म्हणाले, "आज एकीवर दया कराल आणि पुढच्या शेकडो मुलांचं नुकसान कराल." पटण्यासारखंच बोलले, तीच तर पंचाईत झाली.

निकाल लागला. पहिल्या गटाने बाजी मारली. विभागप्रमुखांनी चहा मागवला, बाईंची पाठ थोपटली. टाचणी नापास झाली होती. दोन गटांतला फरक उठून दिसायला तिच्या मार्कांचाही हातभार लागला होता, आणि ते बाईंनी स्वतःच्या हाताने तक्त्यात भरले होते. मग तिच्या शिष्यवृत्तीसाठी त्या कार्यालयात भांडल्या, शेवटी हातही जोडले. नियम तो नियम, असं उत्तर मिळालं.

दोन दिवसांनी टाचणी जिन्यात भेटली. हातात पिशवी, पायाशी ट्रंक.

"बाई, परीक्षा झाली. आता सांगा."

"सोमवारपासून तुमचा वर्ग आहे. थांब ना."

"दादा खाली उभा आहे. टेम्पो मागून आणलाय, परत द्यायचाय."

बाई तिथेच पायरीवर टेकल्या. "प्रश्न तुला पुस्तकात काय आहे ते विचारत नाही. तुला काय वाटतं, ते विचारतो. ते आधी लिहायचं. मग पुस्तकाला साक्षीला बोलवायचं."

"एवढ्या मोठ्या पुस्तकाच्या आधी माझं मत? आमच्या घरी याला आगाऊपणा म्हणतात."

"इथे त्याला उत्तर म्हणतात."

टाचणीने पिशवीतून कागद-पेन काढलं. मग ट्रंकेवर कागद ठेवून तिने चाचणीतल्या त्याच प्रश्नाचं उत्तर लिहायला घेतलं. एक परिच्छेद, न थांबता. बाईंनी तो दोनदा वाचला. पहिल्या गटातल्या एकालाही इतकं नेटकं जमलं नव्हतं.

"खोलीतली मैत्रीण शनिवारचं सांगायला बघायची," टाचणी म्हणाली. "मीच कानात बोटं घालायची. बरोबर आलंय का?"

"बरोबर आलंय."

खालून दादाने हाक मारली. टाचणीने कागद पुन्हा एकदा नीट बघितला.

"एवढंच होतं, बाई?"

बाईंना हो म्हणावं लागलं.