कलमताईच्या रक्तावर

मी अंकुशकृमी बोलतेय. जाडीने दोऱ्याएवढी, लांबीने जेमतेम नखाएवढी. अपराध मात्र अंगापेक्षा फार मोठा.

रोपवाटिकेच्या कुंपणाजवळ कुणीतरी उघड्यावर शौचाला बसलं, त्यातून माझं अंडं मातीत पडलं. तिथे वाफ्यात चपला घालून जायची पद्धत नाही. माती किती ओली आहे ते तळव्यालाच कळतं, असं कलमं बांधणारी ताई म्हणायची. सगळे तिला कलमताईच म्हणत. अंड्यातून अळी होऊन मी त्याच तळव्यातून आत शिरले. तिला नुसती खाज सुटली. मग रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, आणि तिने आवंढा गिळला तशी आतड्यात. आयत्या बिळावर नागोबा!

आतड्याला दात रोवायचे आणि रक्त प्यायचं, एवढंच माझं काम. रक्त गोठू नये अशी सोय माझ्या लाळेतच आहे. मी जागा बदलली तरी जुनी जखम वाहत राहायची. आणि आम्ही होतो शंभरेक. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे निदान वासे तरी शाबूत ठेवतात हो!

ताई पांढरीफटक पडली. चार पायऱ्या चढली की धाप लागायची. सासूबाई आपल्या ताटातलं तिला वाढायच्या. "खा गं. अंगी कसं लागत नाही तुझ्या?"

लागत होतं, पण माझ्या. मला लाज वाटली, तरी दात सुटले नाहीत.

पुढे तिचे हात थरथरू लागले. चाकू घसरायचा, काप वाकडा जायचा, कलमं धरेनात. एक दिवस मालक म्हणाले, "चाकू ठेव इथे. उद्यापासून पाणी घाल. लक्ष नाही तुझं कामात."

"कामचुकार नाही मी, मालक. हातच ऐकत नाहीत."

ती खरं बोलतेय, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण तोंड तिच्याच रक्ताने भरलेलं होतं.

सासूबाईच तिला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. शौचाच्या तपासणीत आमची अंडी सापडली.

"अगं बाई, म्हणजे मी इतके दिवस जंतांना वाढत होते!" सासूबाई म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला.

ताईने आज गोळी चावून खाल्ली. माझी पकड सैल होतेय. ताई, मला माफ करू नकोस. लोहाच्या गोळ्या मात्र चुकवू नकोस. आणि मालक, चाकू तिला परत द्या. ते हात मी थरथरवले होते.