गाठ बसलेले फडके

मित्रांनो, मी एक जुने फडके आहे. आज हे मी ठामपणे सांगू शकते, कारण मध्यंतरी बरेच दिवस मी फडके नव्हते. मग मी काय होते, ते मला अजूनही नीट उमगलेले नाही. तुम्ही शाळेत जाता, तुम्हाला चार गोष्टी जास्त कळतात. मी घडले तसे सांगते, काय ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म चादर म्हणून झाला. पांढरे सूत आणि त्यावर बारीक निळे चौकडे. कापडाच्या दुकानात मी घडी होऊन पडले होते, तेव्हा एक आजी आल्या. त्यांनी मला चिमटीत धरून चोळले, उजेडासमोर धरले आणि म्हणाल्या, "ही द्या. लेक परदेशी निघाली आहे. तिथे सगळं मिळेल, पण असलं सूत मिळायचं नाही." हे त्यांना कोणी सांगितले होते देव जाणे, पण मी मनातून फुगले.

प्रवासात मात्र माझ्या पोटात स्टीलचे डबे गुंडाळले होते. म्हणजे तिकडे पोहोचेपर्यंत मी चादर कमी आणि कागद जास्त होते. माझ्या गोंधळाची सुरुवात बहुतेक तिथूनच झाली.

त्या लेकीला पुढे मूल झाले, म्हणून मी तिला आईच म्हणते. आई आणि बाबांचे घर दुसऱ्या मजल्यावर होते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, एक चिंचोळी बाल्कनी, आणि न्हाणीघरात कपडे धुण्याचे यंत्र. घर घेतले तेव्हा त्याच्याबरोबर कागदांचा एक जाडजूड गठ्ठा आला. त्याला सगळे विमा म्हणत. खिडकीची काच तडकली की बाबा म्हणायचे, "विमा आहे ना आपला." वरच्या मजल्यावर ठोकाठोक सुरू झाली की म्हणायचे, "भिंत पडली तर विमा बघेल." मला वाटायचे, विमा म्हणजे लांब राहणारे कोणी वडीलधारे असावेत. फारसे येत-जात नाहीत, पण अडीनडीला धावून येतात. ते आले की त्यांच्यासाठी मलाच अंथरतील, अशीही माझी समजूत होती.

आई दुपारी तो गठ्ठा काढून बसायची. तिथली भाषा ती जपून बोलायची, आणि वाचायची त्याहून जपून. चौथ्या पानापर्यंत गेली की कुकरची शिट्टी व्हायची, नाहीतर डोळा लागायचा. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्या पानापासून.

मी मध्यभागी विरले. त्याच सुमारास बाळ होणार होते म्हणून आजी आल्या, आणि त्यांनी कात्री चालवली. माझे चार तुकडे झाले. चादर फाटली याचे वाईट वाटून घ्यावे की बाळाच्या अंगाला लागणार याचा आनंद मानावा, हे ठरेपर्यंत त्यांनी कडा शिवूनही टाकल्या. माझी चार दुपटी झाली. दोन धुऊन धुऊन संपली, एक बागेतल्या बाकावर राहिले. मी उरले.

बाळाचे घरातले नाव भिंगरी, कारण उभी राहायला लागल्यापासून ती स्वतःभोवती फिरत असे. मी तिच्या छातीखाली असायचे, त्यामुळे एक गोष्ट आईच्याही आधी मला कळली. हवा ओलसर झाली की तिच्या छातीत बारीक शिट्टी वाजायची. डॉक्टरीणबाईंनी कान लावून ऐकले आणि सांगितले, "बाकी सगळं चालेल. घरात ओल चालायची नाही." तेव्हापासून आई रोज भिंतींवरून हात फिरवायची. भिंतीवर हात आणि छातीवर कान, असा तिचा दिवस सुरू व्हायचा.

भिंगरी मोठी झाली आणि मी फडके झाले. आधी ओट्यावरचे, मग जमिनीवरचे. दुकानातून स्पंज आले, कागदाच्या गुंडाळ्या आल्या आणि गेल्या, पण आई म्हणायची, "याच्यासारखं पाणी कोणी टिपत नाही." बाबांनी एकदा मला घेऊन सायकलची साखळी पुसली, तो काळा डाग अजून आहे. आई त्यांच्याशी दिवसभर बोलली नव्हती. मी मात्र सुखी होते. सांडले की पुसायचे, एवढेच आयुष्य. त्यात न कळण्यासारखे काही नव्हते.

मग तो मंगळवार आला.

भिंगरी साडेचार वर्षांची होती. सकाळी ती आपल्या खोलीतून पाय उचलत उचलत आली आणि म्हणाली, "आई, माझ्या मोज्यांनी पाणी प्यायलं."

तिच्या खोलीची एक भिंत न्हाणीघराला लागून आहे. आई तिकडे धावली. यंत्रामागचा रबरी पाइप फाटला होता आणि पाण्याची धार भिंतीवर आपटून खालून पलीकडे जात होती. खोलीतला गालिचा तरंगायचा बाकी होता. आईने हात मागे नेला आणि खुंटीवरून मला ओढले. पाइपाला दोन वेढे देऊन, होते नव्हते ते सगळे बळ लावून तिने माझी गाठ मारली. मग एका हाताने मला दाबून धरून दुसऱ्या हाताने बाबांना कामावर फोन लावला.

"मेन नळ कुठे आहे?"

"कसला नळ?"

"घराचा. सगळ्या घराचा."

"असेल ना कुठेतरी तिथेच."

"सहा वर्षं राहतोय आपण इथे."

"मग तुलाही माहीत असायला हवा ना."

नळ चपलांच्या मांडणीमागे निघाला. सहा वर्षे त्याच्यासमोर बसून सगळ्यांनी बुटांच्या नाड्या बांधल्या होत्या.

प्लंबर आला. त्याने फाटलेला भाग कापून काढला, नवा पाइप बसवला आणि मला त्या तुकड्यासकट उचलून म्हणाला, "हे टाकून देऊ?" आईने मला त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतले. नखांनी प्रयत्न केला, दातांनीही केला, पण ओल्या सुताची गाठ सुटते थोडीच. "राहू दे, वाळलं की सुटेल," असे म्हणून तिने मला बाल्कनीतल्या बादलीत टाकले. प्लंबर माझ्याकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत गेला.

संध्याकाळी बाबांनी विम्याच्या कार्यालयात कळवले. परवा माणूस येईल, असे उत्तर आले. बादलीत पडल्या पडल्या मी ऐकले आणि खूश झाले. इतक्या वर्षांनी विमा घरी यायचे होते.

मग आजींचा फोन आला. "परवा माणूस यायचा आणि घराची ही दशा? आवरून घे बाई. बाहेरून आलेले लोक घर असंच ठेवतात, असं लिहून जाईल."

आईला नेमकी हीच भीती होती. ती पदर खोचावा तशी बाह्या सरसावून उठली. घरी कोणी येणार म्हटल्यावर आमच्याकडे जे होते तेच झाले, फक्त दुप्पट झाले. भिजलेला गालिचा आणि गादी खाली कचऱ्याला गेली, आणि सकाळी कचऱ्याची गाडी दोन्ही घेऊनही गेली. भिंतीवरचे पाण्याचे ओघळ आईने घासून काढले. राहिलेला डाग दिसू नये म्हणून बाबांनी माळ्यावरचा उरलेला रंग फासला. केस वाळवण्याच्या यंत्राने जमीन वाळवली. खोलीत फुलदाणीसुद्धा आली. या सगळ्यात मला कोणी हाक मारली नाही. एक नवे पिवळे फडके आणले होते. मला लागले ते, खोटे कशाला सांगू.

गुरुवारी विमा आले. किरकोळ अंगाचा एक माणूस, चष्मा, हातात छोटी पेटी. चपलांची मांडणी बघून त्याने आपणहून बूट काढले, तर मोज्यातून अंगठा बाहेर. विमा ते हेच का, मला काही समजेना. बाल्कनीचे दार उघडे होते, म्हणून पुढचे सगळे मला ऐकू आले, दिसलेही. आई चहा टाकायला आत गेली होती आणि बाबा त्याला खोली दाखवत होते.

"पाणी कुठे होतं?"

"इथे. म्हणजे आता नाही. आम्ही पुसलं."

"गालिचा?"

"टाकला."

"गादी?"

"तीही."

"आधीचे फोटो?"

बाबांनी फुलदाणी जरा बाजूला सरकवली.

"फाटलेला पाइप तरी?"

"तो प्लंबरने नेला असेल."

मी बादलीत होते. पाइप माझ्या पोटात होता. पण फडक्याला कोण विचारणार?

त्याने पेटीतून ओल मोजायचे दोन सुयांचे यंत्र काढले आणि लाकडी जमिनीला लावले. ते टिकटिकू लागले. "लाकडाखाली ओल आहे," तो म्हणाला. "पुष्कळ आहे. फळ्या उचलून सगळं वाळवावं लागेल. पण ती कुठून आली हे मला लिहावं लागतं. पाइप अचानक फुटला असेल तर कंपनी हे काम करून देईल. हळूहळू मुरलेली ओल असेल तर नाही. आणि ही भिंत नुकतीच रंगवलेली दिसते. का रंगवली?"

"तुम्ही येणार होता म्हणून."

"माझ्यासाठी?"

बाबांनी मान डोलावली. त्याने भिंतीला बोट लावून पाहिले.

मित्रांनो, अचानक आणि हळूहळू यातला फरक तुम्हाला कळत असेल तर मला सांगा. मला दोन्ही पाणी सारखेच ओले लागते.

आई चहा घेऊन आली तेव्हा भिंगरी खोकत होती. मंगळवारपासून ती आई-बाबांच्या खोलीत झोपत होती आणि शिट्टी मला बाल्कनीपर्यंत ऐकू येत होती. "हिला ओल चालत नाही," आई त्याला म्हणाली. "जमीन अशीच राहिली तर आम्हाला हे घर सोडावं लागेल." मग म्हणाली, "आम्ही खोटं सांगतोय असं वाटतं का तुम्हाला?"

"मला काही वाटत नाही, बाई. मला लिहायचं असतं. आणि लिहायला इथे काही शिल्लकच नाही."

मोठी माणसे गप्प झाली की मुलांना करमत नाही. भिंगरीने एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि तिसरीला तिचा हात ट्रेला लागला. चहा जमिनीवर पसरला.

पिवळे फडके आईच्या हाताशीच होते. पण हाताची सवय वेगळीच असते. ती उठली, तडक बाल्कनीत आली, बादलीतून मला उचलले, जाऊन गुडघ्यांवर बसली आणि पुसायला लागली. टक्. माझ्यातला पाइप फळीवर आपटला.

"थांबा," विम्याचा माणूस म्हणाला. "पुसू नका."

आईने हात आवरला. तिला वाटले, आता पुसण्यातही काही चुकले. मलाही तसेच वाटले. जन्मात कोणी मला पुसू नका म्हटले नव्हते.

"चहाचं राहू द्या. त्या कापडात काय आहे?"

"फडकं आहे ते."

"त्याच्या आत."

आईने मला उलटे केले. निळ्या चौकड्यांतून काळे रबर डोकावत होते. तिच्या लेखी दोन दिवस बादलीत फडके पडले होते, पाइप नव्हताच. तो माणूस तिच्याशेजारी जमिनीवर बसला, चष्मा कपाळावर नेला आणि माझी कड बोटाने सारून बघू लागला. आत बोटभर लांब ताजी फाट होती.

"एवढं सगळं टाकलंत," तो म्हणाला, "आणि हे कसं ठेवलं?"

"गाठ सुटली नाही."

"मग फडक्यासकट टाकायचं होतं."

"फडकं कसं टाकणार? हिचं दुपटं होतं ते."

यावर तो हसला नाही. त्याने त्यांच्याच गठ्ठ्यातले अकरावे पान काढून दाखवले. खराब झालेली वस्तू पाहणी होईपर्यंत जपून ठेवावी, असे तिथे लिहिले होते. बाबांनी आईकडे पाहिले, आईने बाबांकडे. चौथ्या पानापलीकडे दोघांपैकी कोणी गेलेच नव्हते.

त्याने माझे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. मग मला चहासकट एका पारदर्शक पिशवीत घातले आणि वर आकडा लिहिला. असे मी पुरावा झाले.

कार्यालयातल्या कपाटात माझ्या शेजारी एक जळका प्लग होता आणि एक मोडके कुलूप. पुरावा म्हणजे काय, असे मी प्लगला विचारले. तो म्हणाला, "ज्याला कोणी कामाला लावत नाही ते." मी पुष्कळ विचार केला. आयुष्यभर पुसले म्हणून माझे कौतुक झाले. त्या घरात मात्र पुसले हीच चूक ठरली, आणि मी मळलेले राहिले म्हणून कामी आले. मग चांगले काय असते? आणि सगळ्यात मोठी काळजी ही, की फळ्या उचलल्या की नाही? कपाटात कोणी काही सांगत नाही.

एके दिवशी कपाट उघडले. टेबलापलीकडची बाई कोणाला तरी म्हणत होती, "प्रकरण संपलं की आम्ही हे टाकून देतो. न्यायला आजवर कोणी आलेलं नाही."

"आम्ही आलोय," असा आईचा आवाज आला.

पाइप माझ्यातून काढायला तिने गाठीला नख लावले, तर एका ओढीत सुटली. वाळली होती ना. भिंगरीने मला नाकाशी धरून मोठा श्वास घेतला. म्हणाली, "शी, चहाचा वास." आणि पुन्हा घेतला. मी सगळे लक्ष लावून ऐकले. एकदा ऐकले, दोनदा ऐकले. शिट्टी वाजली नाही. फळ्या उचलल्या गेल्या होत्या.

घरी आईने मला धुतले, इस्त्री केली आणि खणात विम्याच्या गठ्ठ्यावर ठेवले. मित्रांनो, फडक्याला इस्त्री. मग मी फडके की कागद? त्या खणात मी खूप दिवस काढले आणि माझा गोंधळ वाढतच गेला.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. घरात काही फुटले, गळले, सांडले तर घाबरून लगेच सगळे आवरू नका. आधी नळ बंद करा, आणि तो कुठे आहे हे आजच विचारून ठेवा. मोडलेली वस्तू जपा. मोठ्यांना अकरावे पान वाचायला सांगा. आणि जुन्या कापडाला खणात मान देऊ नका, खुंटीवर जागा द्या.

काल भिंगरीच्या हातून दूध सांडले. आईने खण उघडून मला उचलले, खाली वाकली, आणि तिचा हात मध्येच थांबला.

बाबा म्हणाले, "आता काय, दुधाचाही फोटो काढणार?"

"बाजूला हो जरा. कुठून येतंय ते आधी बघू दे."

तिने पाहिले. पेला आडवा पडला होता, बाकी काही नव्हते. मग तिने मला दुधावर ठेवले आणि तळहाताने दाबले.

मी सगळे टिपून घेतले.