धोतर उडालं ती जागा

"मंग जाळी बदलून टाका ना, डॉक्टरीनबाई," खुशालराव म्हणाला. "मी तर दर हंगामाले बदलतो."

खुशालरावाचा अर्धा जन्म अकोल्याच्या दालमिलमध्ये चाळण्यांच्या जाळ्या बदलण्यात गेला होता आणि उरलेला गप्पा हाकण्यात. एकदा म्हणे त्याने इतकी बारीक जाळी ठोकली, की तिच्यात वाराच अडकला. साऱ्या अकोल्यात पान हलेना. मग त्याने जाळीला एक गुद्दा हाणला, तसा वारा असा सुटला, की मालकाचं धोतर थेट बार्शीटाकळीला, म्हशीच्या शिंगात! इथे त्याचा उजवा हात गिरकी घेत वर जायचा आणि प्राजक्ता, त्याची पंधरा वर्षांची पोरगी, पोट धरून हसायची. दर वेळी. ऐकणारी असावी तर अशी.

अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंपुढे मात्र गप्पेची डाळ शिजेना. प्राजक्ताला तपासणीसाठी रक्त द्यायला बाहेर पाठवून त्या सांगत होत्या, "किडनीतली ही जाळी बाळ पोटात असतानाच विणली जाते. आधी कच्च्या धाग्याची, मग तिच्या जागी पक्क्या. प्राजक्ताचा पक्का धागा आलाच नाही. इतकी वर्षं कच्च्या जाळीनंच रक्त गाळलं, आता ती फाटतेय. म्हणून लघवी लाल, फेसाळ. गोळ्यांनी वेळ मिळेल. पण जाळी नव्यानं विणणारं औषध नाही. पुढे किडनीच बदलावी लागेल बहुतेक."

"माह्यी घ्या. दोन्ही घ्या."

"तेव्हा बघू. तोच धागा कानातही असतो. तिला नीट ऐकू येतं ना?"

"न यायले काय झालं? माह्या गप्पेवर बरोबर जाग्यावर हासते जी!"

"टीव्ही मातर घर डोक्यावर घेऊन लावते," त्याची बायको दुर्गाबाई पुटपुटली.

"तू चूप बस वं."

परतीची एस.टी. मूर्तिजापूर सोडून खडखडत निघाली. प्राजक्ताने त्याला कोपराने ढोसलं. "बाबा, काहून चूप बसले? वाऱ्याची सांगा ना."

खुशालरावाने सुरुवात केली. जाळी ठोकली, वारा अडकला. चेहरा तोच, आवाजाची चढण तीच. आणि गुद्दा हाणायच्या जागी, मनात काय आलं कोण जाणे, तो म्हणाला, "पोरी, तुह्यी जाळी कच्चीच राह्यली. माह्यानं बदलनं होत नाही."

सवयीने हात गिरकी घेत वर गेला.

प्राजक्ता पोट धरून हसली. "म्हशीच्या शिंगात!"

दुर्गाबाईने नवऱ्याकडे पाहिलं आणि मान खिडकीकडे वळवली.

वर गेलेला हात पाहून मागून कंडक्टर ओरडला, "काका, उतरायचं हाय काय?"

खुशालरावाला हात खाली घेता येईना. प्राजक्ता अजून त्या हाताकडेच पाहत होती, धोतर खाली यायची वाट बघत.