वर बघताना घाई नको

"पहिला म्हणजे वरून की खालून?" तोंडातल्या टाचण्या हातावर काढून घेत ताईंनी विचारलं.

"अहो, वरून! या वर्षी आपल्या चर्चच्या ब्लॉगवर सगळ्यात जास्त वाचलेला लेख तुमचा. पाळकसाहेबांचा स्वतःचा दुसरा आलाय!" मी फोन त्यांच्या नाकासमोर नाचवला.

"चल, काहीतरीच," असं म्हणाल्या खऱ्या, पण मशीनवरचा पाय थांबला तो थांबलाच.

ताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. नवरीचे झगे शिवावेत तर त्यांनीच. आमच्या मंडळीतल्या निम्म्या मुली त्यांच्या हातचा झगा घालून वेदीपर्यंत चालत गेल्या आहेत. ताई स्वतः मात्र बिनलग्नाच्या राहिल्या. या विषयावर घरात एके काळी इतकं तोंड वाजलंय की आता कोणी ब्र काढत नाही.

लेखाचं झालं असं, की ताईंची मान धरली होती. डॉक्टर म्हणाले, सारखं खाली बघून शिवता, मधून मधून वर बघत जा, पण सावकाश, झटका देऊ नका. पाळकसाहेब तेव्हा ब्लॉगसाठी दारोदार लेख मागत फिरत होते. ते म्हणाले, बाई, यावरच मनन लिहून द्या. ताईंनी लिहिलं, की देवाकडेही आपण असंच बघतो, पटकन एकदा मान उचलायची की परत कामाला. अशानं मान अवघडते आणि मनही. मथळा दिला, 'वर बघताना घाई नको'. मला विचाराल तर साधासुधा लेख होता, पण मनापासून लिहिलेला.

आणि आता तो पहिला! ऐकल्यापासून आमचे हे तर ताईंच्या मागेच लागले. "लेखिकाबाई, आता आमच्याशी बोलणार ना?" तेवढ्यात पाळकसाहेबांचा फोन आला. रविवारी वार्षिक मेळाव्यात ताईंनी स्वतः लेख वाचून दाखवायचा. उपासनेला कायम शेवटच्या बाकावर बसणारी ही बाई, माइकसमोर! दिवसभर त्यांचे पाय जमिनीवर ठरले नाहीत. कित्येक वर्षांत पहिल्यांदा स्वतःसाठी कापड काढलं आणि बेतायलाही घेतलं.

संध्याकाळी म्हणाल्या, "लोकांनी खाली काय काय लिहिलंय, वाच ना गं."

मी मोठ्यानं वाचू लागले. "'लेख छान. आमची मुलगी नर्स आहे, नोकरी कायमची. योग्य स्थळ असल्यास कळवावे.'"

"मुलीचा इथे काय संबंध?"

"'घाई नको हे पटलं. पण थांबायचं तरी किती? चांगली मुलं हातची जातात.'" माझा आवाज जरा खाली आला. "'उंचीबद्दल काहीच लिहिलेलं नाही. निराशा झाली.'"

आधी कळलं ते ह्यांना. "अगं ताई, वर! वर म्हणजे नवरा! लोक नवरा कसा बघावा ते वाचायला आलेत! ध चा मा ऐकला होता, इथे तर वरचा वर झाला!" मांडीवर थापा मारत हसत सुटले. मलाही हसू आवरेना. मग ताईंकडे लक्ष गेलं.

"म्हणजे माझा लेख कोणी वाचलाच नाही," ताई म्हणाल्या. बेतलेलं कापड त्यांनी घडी घालून कपाटात टाकलं. "पाळकसाहेबांना फोन लाव रे. मी काही रविवारी उभी राहायची नाही. लोक म्हणतील, हिला मिळाला नाही आणि ही जगाला शिकवतेय."

ह्यांनी आपला फोन लावून स्पीकरवर ठेवला. सगळं ऐकून पाळकसाहेब म्हणाले, "तरीच!" दुसऱ्या नंबराचं शल्य त्यांनाही होतंच की. मग सावरून म्हणाले, "मथळा बदलू या. 'देवाकडे बघताना' करू. मग बघू किती जण येतात."

ताई हो म्हणायच्या बेतात होत्या, तेवढ्यात माझ्या फोनवर लेखाखालची शेवटची प्रतिक्रिया दिसली. त्याच दुपारची. मी घाईघाईनं वाचली. "'बाई, मी वर शोधायलाच आले होते, पण तुमचा लेख सगळा वाचला. परत वाचला. उद्या मला होकार द्यायचाय. मुलगा वाईट नाही, पण माझं मन घेत नाही. घरचे म्हणतात, नाही म्हणालीस तर जन्मभर आमच्या उरावर बसशील. तुम्ही घाई केली नाहीत, मग तुमचं लग्न चांगलं झालं ना? लवकर सांगा.'"

"आण इकडे," ताई म्हणाल्या.

"जपून हं ताई. दुसऱ्यांच्या घरचा मामला," हे पुटपुटले.

ताईंनी ऐकलं नाही. एका बोटानं एकेक अक्षर शोधत लिहिलं, "माझं लग्न झालं नाही. मी शिलाईकाम करते. भाऊ आणि भावजय आहेत. आम्ही भांडतो, पण जेवायला एकमेकांसाठी थांबतो. मन नसेल तर उद्या नाही म्हण. नाही म्हटल्यावरही दुसऱ्या दिवशी सकाळ होते. मी पाहिली आहे."

ह्यांनी चष्मा काढून उगाचच पुसायला घेतला. उरावर बसशील हे वाक्य आमच्या घराला काही नवीन नव्हतं.

"हॅलो? मथळ्याचं काय करू?" पाळकसाहेब अजून लाइनवर होते.

"राहू द्या तोच," ताई म्हणाल्या. "चुकून का होईना, येतायत ना लोक? आणि रविवारी मी येतेय."

मी टाळ्याच पिटल्या. हे "लेखिकाबाई, लेखिकाबाई!" करत खोलीभर फिरले. ताईही हसल्या, अगदी मोकळ्या हसल्या. एवढ्यात माझा फोन वाजला. त्या मुलीचं उत्तर आलं होतं, एकच ओळ.

"तुम्हाला एकटं नाही वाटत?"

ताईंनी फोन जवळ ओढला. मग लिहिलं, "वाटतं, पण".

"पुढे काय लिहू गं?" त्यांनी विचारलं.

मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे.

ताईंनी 'पण' खोडला आणि उत्तर पाठवून दिलं.