रिकामा हात

काम चालू असलं की उजवा हात माझं ऐकायचा. सुईत दोरा ओवायचा, पानांच्या घड्या शिवायचा, पुठ्ठ्यावर खळ पसरायचा. बिथरायचा तो रिकामा असला की. मांडीवर ठेवला की आधी अंगठा हलायचा, मग पहिलं बोट, जणू दोघं मिळून न दिसणारी एखादी गोळी वळताहेत.

माझे वडील अशीच गोळी वळत गेले. शेवटी त्यांना घास तोंडापर्यंत नेता येत नव्हता, आणि चेहरा पुठ्ठ्यासारखा झाला होता. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या नर्समावशी चर्चमध्ये बरोबर आमच्या पुढच्या बाकावर बसतात.

म्हणून मी हाताला सतत काही ना काही देत राहिलो. "एवढा उरक तरुणपणी दाखवला असता तर आज माडी उभी असती," बायको म्हणाली. मी हसलो. हात कोटाच्या खिशात होता, आणि खिशात त्याचं आपलं चालूच होतं.

प्रार्थना मात्र रिकाम्या हातांनीच करावी लागते. डोळे मिटले की तो जागा व्हायचा. डावा त्याला दाबून धरायचा, आणि माझं सगळं लक्ष त्या झटापटीत. देवालाच माझी प्रार्थना नको असेल, असं मला वाटू लागलं. मी मुळातच संशयी. चांगलं काही वाट्याला आलं तर पत्ता चुकला असेल म्हणणारा. हे मात्र बरोबर पत्त्यावर आलं होतं.

उपासनेत एक वेळ येते. पाळक शांतीचे शब्द उच्चारतात आणि सगळे शेजाऱ्याचा हात हातात घेतात. नर्समावशी मागे वळायच्या. माझा हात धरला की त्यांना कळणार, आणि त्यांना कळलं की ते खरं होणार. म्हणून नेमक्या त्या क्षणी माझं गीतांचं पुस्तक खाली पडायचं. मी बाकाखाली वाकायचो आणि लोक बसेपर्यंत वर यायचो नाही.

"जन्मभर पुस्तकं बांधलीत, आणि एक धरता येत नाही?" बायको म्हणायची.

त्या रविवारी मावशी पुढच्या बाकावर नव्हत्या. त्या माझ्याच शेजारी येऊन बसल्या. दुसऱ्या बाजूला बायको. पाळकांनी शब्द उच्चारले, पुस्तक पडलं, मी वाकू लागलो.

"पडू दे," मावशी म्हणाल्या. "अगदी वेळेवर पडतं रे तुझं पुस्तक. आण तो हात."

"मावशी, नको."

"तुझा बापही खिशातच ठेवायचा. त्याच्या उजव्या खिशाचं अस्तर कधी टिकलं नाही."

"यांचंही मी दोनदा शिवलंय," बायको हळूच म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी हात दिला. मावशींच्या तळव्यात तो थरथरत राहिला. त्यांनी तो दाबला नाही.

"वाढेल का?"

"वाढेल." रोग्याशी खोटं बोलणं त्यांना नोकरीतही जमलं नव्हतं.

"मला प्रार्थना करता येत नाही, मावशी. हा स्थिर राहत नाही."

"कोणी सांगितलं स्थिर लागतो म्हणून? दारं लावून घाबरून बसलेल्या शिष्यांना प्रभूने शांती दिली, तेव्हा आपले हात दाखवले होते. खिळ्यांची भोकं पडलेले. तुझा तर नुसता हलतोय."

संध्याकाळी जेवणाआधी मी हात टेबलावर ठेवला, उघडा. ताटलीतला चमचा किणकिणू लागला. डाव्याने उजव्याला धरलं नाही. हे असं आहे, मी देवाला म्हणालो, आणि आणखी वाढणार आहे. आत कुणी झगडत नव्हतं. इतकं निवांत मला कधी वाटल्याचं आठवत नाही, आणि त्यात पत्ता चुकल्यासारखंही वाटलं नाही.

मग डाव्या हाताचा अंगठा एकदा हलला.

बायकोने पाहिलं. मीही पाहिलं. मी प्रार्थना पुढे चालू ठेवली.